चांद्याचा खांदा

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला प्रवासवर्णन लिहायचा हक्क आपोआप मिळतो. परदेश जमला नाही तर निदान काश्मीर तरी लागतं. मी पुण्याहून नागपूरला गेलो, पाच दिवस राहिलो आणि परत आलो. त्यामुळे "काय काय पाहिलंत?" असं आमच्या गल्लीत मला कुणीही विचारलेलं नाही. न विचारलेलं सांगायची मला जुनी सवय आहे, म्हणून लिहायला बसलो आहे. पाहिला तो एक खांदा. लोखंडाचा.

मी ड्राफ्ट्समन. सत्तावीस वर्षं ड्रॉइंग बोर्डासमोर उभं राहून दुसऱ्यांनी बनवायच्या वस्तूंच्या रेघा ओढत आलो होतो. या कामात माणसाची मान आणि उजवा खांदा आधी जातो. माझा हात तेव्हा कानाच्या वर जात नव्हता. आमच्या कारखान्याने त्या सुमाराला एक यंत्र काढलं होतं. रंगीत टीव्ही नुकते आले होते, लोक कशावरही विश्वास ठेवायला तयार होते, म्हणून माहितीपत्रकात त्याला 'यंत्रमानव' म्हटलं होतं. खरं तर त्यात मानवाचा एक खांदा, एक कोपर आणि दोन बोटं एवढाच भाग होता. बाकीचा मानव आम्ही केला नव्हता. दाबलेल्या हवेवर चालणारा तो हात भट्टीतून लाल लोखंड उचलायचा आणि यांत्रिक घणाखाली नेऊन ठेवायचा. त्याचा खांदा मी कागदावर काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

असा एक यंत्रमानव नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याने घेतला होता. तिथे वखराच्या पासा तयार होतात. वखर म्हणजे बैलांनी ओढायचं, जमीन खरवडायचं अवजार, आणि पास म्हणजे त्याचं लोखंडी पातं. पहिलं वर्ष नीट गेलं. मग दोन वर्षं ओळीने, भाद्रपद लागता लागता, त्या यंत्राचा खांदा जाम झाला. दोन्ही वेळा आमचा मेकॅनिक जाऊन खांदा रॉकेलने धुऊन, बेअरिंग बदलून आला आणि 'ग्रीस पिवळं पडून आळलं होतं' एवढं लिहून मोकळा झाला. तिसऱ्या वर्षी आषाढातच मालकांचं पत्र आलं. या वेळी खांदा अडला तर मशीन भंगारात जाईल आणि भट्टीवर पुन्हा माणसं उभी राहतील, असं त्यात लिहिलं होतं.

आमच्याकडे मुख्य ड्राफ्ट्समनची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती आणि ती मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते. पण खांदा माझा, म्हणजे खांद्याचा दोषही माझाच. मी दोन्ही रिपोर्टांच्या तारखा समोर ठेवून बसलो आणि मला सुचलं की हे सगळं तिकडच्या दमट हवेमुळे होत असणार. नागपूरची हवा मी तोवर फक्त शाळेच्या भूगोलात खाल्ली होती. साहेबांना ही उपपत्ती पटली, की मी आठवडाभर नजरेआड व्हावं म्हणून त्यांनी मला पाठवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आर्द्रतामापकाची पेटी काखेत मारून मी गाडीत बसलो.

प्रताप नगर

माझी मावसबहीण मालूताई प्रताप नगरात राहते. तिचे यजमान नानासाहेब कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात आमच्याच भागातून इकडे आले. ही हकिगत ते घरी येणाऱ्या प्रत्येक पुणेकराला सांगतात आणि शेवटी "जे शहाणे होते ते निघून आले" असं म्हणून सुपारी कातरायला घेतात.

मालूताईने माझ्याआधी माझी पेटी पाहिली. आर्द्रतामापकात दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात आणि त्यातल्या एकाच्या पाऱ्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं असतं.

"याला पट्टी काहून बांधली रे?" तिने विचारलं. "ताप आहे का त्याला?"

मी तिला हवेतल्या ओलाव्याचं शास्त्र सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि पानं मांडली.

जेवायला गोळाभात होता. वाटलेल्या डाळीचे गोळे भातात वाफवलेले. मी रीतीप्रमाणे तूप मागितलं. "तूप पुण्यात खा," असं म्हणून तिने माझ्या भातावर कढत तेलाची फोडणी पळीभर ओतली, लाल मिरच्यांसकट. आमच्याकडे मिरची पदार्थाला चव देऊन बाजूला होते. इकडे ती शेवटपर्यंत थांबते. तेव्हा मापक माझ्या कपाळावर ठेवला असता तर शास्त्राला काही नवं मिळालं असतं.

माझ्या डोळ्यांतलं पाणी आटल्यावर मी मालकांच्या पत्रातली एक गोष्ट सांगितली. तिथला चालक त्या यंत्राला 'चांद्या' म्हणतो. यंत्राच्या वरच्या टोकाला आमच्या कारखान्याची गोल पांढरी पाटी आहे, म्हणून चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या बैलाला म्हणतात तसं.

नानासाहेबांनी सुपारी खाली ठेवली. "हे चूक आहे," ते म्हणाले. "नातं दोघांत असतं. यंत्राला दुखत नाही, आठवत नाही, तुमचं नाव माहीत नाही. एकच टोक असलेली काठी नसते, तसं एकतर्फी नातं नसते. तुम्ही चिंतन करून राहिले आणि समोर लोखंड. ही स्वतःचीच फसवणूक झाली."

"आणि थंडीत स्कूटर सुरू होत नाही तेव्हा तिच्या पाठीवर थापा मारून 'चल माय, चल' कोण म्हणते?" मालूताई ताकाचं भांडं आणत म्हणाली.

"ती सवय आहे."

"पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करता, तेही सवयच का?"

नानासाहेबांनी हा तर्कशास्त्राचा विषय नाही असं जाहीर केलं आणि मला ताक घ्यायला सांगितलं. ताकातही मिरची होती.

कळमेश्वर

दुसऱ्या दिवशी एसटीने कळमेश्वरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि तूर गुडघाभर उभी होती, मध्ये मध्ये संत्र्यांच्या काळपट हिरव्या बागा. जमीन इतकी काळी की आमच्याकडची माती तिच्यापुढे आजारी वाटावी. थांब्यापासून जवळची वाट म्हणून शेताच्या कडेने निघालो आणि दहाव्या पावलाला उजवी चप्पल मातीने ठेवून घेतली. ती काढायला वाकलो तेव्हा डावीही गेली. कारखान्यात मी अनवाणी शिरलो. त्यामुळे माझ्याविषयी सुरुवातीचं मत बरं झालं असावं, कारण सगळ्यांनी उठून नमस्कार केला.

मालक धनराजजी देहाने आणि आवाजाने मोठे. चहा आला, पोहे आले, पोह्यांवर हरभऱ्याच्या रश्श्याची लाल तर्री आली, तोवर मशीनकडे जायची सोयच नव्हती. मग ते मला भट्टीजवळ घेऊन गेले आणि यंत्राच्या पायाला बुटाने हळूच ढोसून म्हणाले, "हा पाहा तुमचा हरामखोर. दोन वर्सं ऐन हंगामात बसून गेला. या टायमाले गेला तं मी याले विकूनच टाकतो. मानसं तरी बोलल्यावर उठतेत."

मला गंमत वाटली. लोखंडाला कळत नाही असं मानणारा माणूस त्याला माणसासारख्या शिव्या देत होता.

यंत्राशेजारी पन्नाशीचा, हडकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. तो शालिकराम, यंत्राचा चालक. यंत्र यायच्या आधी चौदा वर्षं याच जागेवर उभा राहून त्याने लांब सांडशीने भट्टीतून लाल लोखंड उचललं होतं. त्यात खांदा गेला. आता त्याला कळशी उचलता येत नव्हती, पण यंत्राचे दांडे ओढायला डावा हात पुरत होता. जवळच्या गावात चार एकर शेती, भाऊ ती बघतो, आणि बैलजोडी एक.

"भंगारात गेला म्हंजे पुन्हा सांडशी," मालक पुढे गेल्यावर शालिकराम हळू म्हणाला. "मले तं आता सांडशी झेपत नाई जी. मी घरी बसीन. पन या जागी जो कोनी पोरगा येईन, त्याचा खांदा जाईन ना."

मी त्याला धीर दिला. हवेतल्या ओलाव्याचा बंदोबस्त झाला की सगळं ठीक होईल, असं सांगून मापक खिळ्याला टांगला.

दोन दिवस मी दर तासाला पारा वाचत होतो. भट्टीच्या धगीत माझं ओलं फडकं दर वेळी वाळून जाई आणि शालिकराम न सांगता त्यावर चूळभर पाणी शिंपडून ठेवी. ओलावा जो काही होता तो त्याने आणलेला होता. दुपारी तो ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवायचा आणि माझा डबा उघडून बघून झाकून ठेवायचा. मालूताईने माझ्यासाठी बिनतिखटाचं दिलं होतं.

चांद्या मात्र सुरेख चालत होता. भट्टीत वळायचा, बोटं मिटायचा, लाल पट्टी घेऊन सावकाश घणाखाली ठेवायचा. कागदावर काढलेला खांदा असा हलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. शालिकराम त्याच्याशी बोलत असे, पण कामापुरतं. "हां, जरा दमानं." "आता घे." आमच्या ऑफिसात माणसं एकमेकांशी यापेक्षा कमी बोलतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

संध्याकाळी पाचला भट्टी मंद केली. दुसऱ्या दिवशी पोळा, त्यामुळे बाकीचे लोक लवकर गावी निघाले. मी शेवटचा पारा वाचत खांबाआड उभा होतो. शालिकरामने डब्यातून एक झाकलेली वाटी आणि पळसाची पानं काढली. हात धुतले. यंत्राला नमस्कार केला. मग पाना लावून खांद्यावरचं तेलाचं झाकण उघडलं आणि वाटीतलं पिवळंधमक लोणी दोन बोटांनी आत भरायला लागला.

"काय करताय?" मी ओरडलो. सत्तावीस वर्षांत मी एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो.

तो दचकला, पण हात मागे घेतला नाही. "खांद शेकून राहिलो जी."

विदर्भात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा टणक झालेला असतो, त्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानाने चोळायची आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे मला मालूताईने सांगितलं होतं. पण ते बैलाचं.

"अहो, हे यंत्र आहे. यंत्राची पूजा दसऱ्याला करतात. फूल वाहा, कुंकू लावा, आम्हीपण करतो."

 लहान मुलाला समजावतात तशा आवाजात शालिकराम म्हणाला, "दसऱ्याले अवजाराची पूजा. माझी सांडशी होती, तिची मी करत होतो. ते माझ्या हातात होती. हा माझ्या हातात नाई जी. हा माझ्या जागेवर हाय. चौदा वर्सं जिथं मी उभा होतो तिथं हा उभा हाय. आपल्या जागी जो राबते त्याचा खांदा आपन नाई शेकावा, तं कोनं शेकावा?"

"पण त्याला कळत नाही."

"नाई कळत. मी काय येडा हाय? पुरनपोळी आनली का मी त्याच्यासाठी? त्याले नाई कळत, पन मले तं कळते ना." त्याने बोटं पानाला पुसली. "आन बैलाले जादा झालं तं तो बसून जाते. मानूस समजते. याले बसताच येत नाई. मंग आपल्यालेच ध्यान ठेवा लागते."

नानासाहेब इथे हवे होते, असं मला फार वाटलं.

"पण आत कशाला भरता?"

"हा आला त्या साली वरून लावलं तं सारं गळून गेलं. म्हनलं, आत जाऊ द्यावं. जिथं दुखते तिथं."

मग मला सांगावंच लागलं. धगीने लोणी करपतं, हळद त्यात बसते, त्याचा डिंक होतो आणि बेअरिंग धरलं जातं. पिवळं पडून आळलेलं ग्रीस म्हणजे हेच. दोन्ही वर्षी खांदा याच्यामुळे अडला.

"म्हंजे मीच?" शालिकराम म्हणाला.

तो विटांच्या ढिगावर बसला. दोन्ही वर्षी त्याला वाटलं होतं की चांद्या थकला. मालकाशी भांडून त्याने काम कमी करून घ्यायचा प्रयत्न केला होता, त्यावरून बोलणी खाल्ली होती. आता तो स्वतःच्या पिवळ्या तळहातांकडे बघत होता. "मीच त्याचा खांदा धरला," तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला. "मालकाले सांगून येतो. लपवाचं नाई."

मी त्याला खाली बसवलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला होता. माझी रेघ निर्दोष होती. रिपोर्टात एक ओळ लिहायची, 'कामगाराने बेअरिंगमध्ये लोणी व हळद भरल्याने', आणि मुख्य ड्राफ्ट्समनच्या खुर्चीत जाऊन बसायचं. पण धनराजजींचा स्वभाव मी दोन दिवस पाहिला होता. ती ओळ वाचल्यावर शालिकराम घरी, आणि यंत्राजवळ असा कुणीतरी जो त्याला ढोसेल आणि सोडून देईल. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटतंय म्हणून रागही आला, कारण मी इथे फक्त ओलावा मोजायला आलो होतो.

"असं करा," मी म्हणालो. "सणाला हेच ग्रीस लावत जा. आमच्याकडचं उत्तम आहे."

"ते तं त्याले रोज भेटते," शालिकराम म्हणाला. "सनाले बी तेच काय?"

 मी आर्द्रतेच्या नोंदींचा कागद उलटा केला आणि पेन्सिल काढली. खांद्यावर एक पालथी वाटी, सांधा पूर्ण झाकणारी, कुणाला पान्याने उघडता येणार नाही अशी. तेल घालायची वाट खालून. वाटीच्या कडेला उंच काठ आणि आत खोलगट पन्हळ, म्हणजे वरून जे लावाल ते गळून जाणार नाही आणि आतही शिरणार नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात झटपट काढलेलं ड्रॉइंग. शालिकरामने ते बघितलं, "लोन्यासाठी जागा ठेवली का?" असं विचारलं, आणि लगेच भट्टीचा भाता सुरू केला.

आधी खांदा उघडून रॉकेलने धुतला. मग पत्र्याची जाड चकती भट्टीत टाकली. तिला घणाखाली ठेवायचं काम चांद्याचंच होतं, दुसरा कोण होता? त्याने आपल्याच खांद्याचं लाल झाकण दोन बोटांत धरून सावकाश वळवलं आणि घणाखाली ठेवलं. "दमानं," शालिकराम म्हणाला. या वेळी तो कामापुरतं बोलत होता असं मला वाटलं नाही.

झाकण निवल्यावर बसवायला मी हात वर केला आणि तो कानाशी अडकला. शालिकरामने झाकण माझ्या हातातून घेतलं आणि डाव्या हाताने बसवलं. उरलेलं लोणी त्याने वरून लावलं, पळसाच्या पानाने चोळलं. ते पन्हळीत नीट राहिलं. मग त्याने वाकून हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नंतर मान वर करून मला म्हणाला, "ही म्हनाची रीत हाय, खाची नाई."

वाटीच्या तळाशी थोडं लोणी उरलं होतं. "शर्ट उतरवा," तो म्हणाला.

"कशाला?"

"तुमचा बी खांदा कामाचाच हाय ना जी."

मी पुष्कळ नाही म्हटलं. लाज वाटत होती, आणि शर्ट नवा होता. पण त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने माझ्या उजव्या खांद्यातली नेमकी ती जागा शोधली आणि चोळायला लागला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोळाभाताचं नव्हतं. सत्तावीस वर्षं या खांद्याने काम केलं. मी त्याला बाम लावला होता, शिव्या घातल्या होत्या, पण त्याची कुणी अशी विचारपूस केलेली मला आठवत नव्हती. पाठीमागून आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे मात्र खाचं हाय."

पोळा

गेलो. गावाबाहेर तोरणाखाली बैल रांगेत उभे होते, अंगावर झुली, शिंगांना रंग. माणसं आपापल्या बैलांपेक्षा साध्या कपड्यांत होती. घरी आणल्यावर शालिकरामच्या बायकोने, गिरजाबाईंनी, बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, सुपातून पुरणपोळी चारली आणि मगच आम्हाला पाट मांडले. आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात. इथे माझा नंबर तिसरा लागला, आणि पहिले दोघे माझ्यापेक्षा सावकाश जेवत होते. त्यातल्या एकाने माझ्या काखेतल्या पेटीतून बाहेर आलेलं आर्द्रतामापकाचं ओलं फडकंही खाल्लं. त्याचं आता काही काम नव्हतं.

तोरणाशी धनराजजी भेटले होते. फेटा बांधून आले होते. चार लोकांत त्यांनी मोठ्याने विचारलं, "सापडली का जी खराबी?"

शालिकराम माझ्या शेजारी उभा होता. तो तोंड उघडणार हे मला दिसलं, म्हणून मी घाई केली.

"सापडली. चूक आमची. खांद्यावर झाकण हवं होतं, ते ड्रॉइंगमध्ये राहिलं. ड्रॉइंग माझं आहे."

"पुन्याची चूक निघाली," धनराजजी आनंदाने म्हणाले. "पोळा गोड झाला." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, ती नेमकी हळदीच्या जागी.

 जेवताना शालिकरामने माझ्या पानात तिसरी पोळी वाढली आणि वर तूप वाढलं, तेल नाही.

परत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मोठाले पुतळे मिरवत नेतात आणि वर्षभराची इडापिडा त्यांच्यावर घालून गावाबाहेर जाळतात. गल्लीगल्लीत मुलं लाकडी बैल ओढत होती. त्यांच्या गळ्यात घुंगरं होती आणि ते लाकडाचे आहेत याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

नानासाहेबांना मी सगळं सांगितलं. "म्हणजे तुम्ही खोटं बोलले," ते म्हणाले.

मीही रात्रभर तोच विचार केला होता. "नाही," मी म्हणालो. "मी खांदा काढला आणि त्याच्यावर कुणी हात ठेवेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. ही चूकच आहे."

 सकाळी नानासाहेब स्टेशनवर सोडायला निघाले तेव्हा त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग स्कूटरच्या पाठीवर एक थाप मारली. ती पहिल्या किकला सुरू झाली, याला मी पुरावा मानत नाही.

पुण्यात माझी मारबत निघाली. साहेबांनी रिपोर्ट वाचला, झाकणाचं ड्रॉइंग पाहिलं आणि काठावर बोट ठेवून विचारलं, "हा काठ आणि ही पन्हळ कशाला?" मी लिहिलं होतं, 'बाहेरून लावल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी.' ते म्हणाले, "कसले पदार्थ?" मी म्हणालो, "सणाचे." मुख्य ड्राफ्ट्समनची जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाला मिळाली. वाईट वाटलं, चार-सहा महिने चांगलंच वाटलं. शर्टावरचा हळदीचा डाग बायकोने तीन वेळा धुतला आणि मग तो शर्ट घरात घालायला काढला.

पुढच्या भाद्रपदात पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा दुसऱ्याचं, बोलणं शालिकरामचं. चांद्याचा खांदा बरा हाय. औंदाही शेकला, वरूनच. मालक आता बूट मारत नाई, पायाले बी लोनी लावून ठेवलं, ते बुटाले लागते. गिरजा नमस्कार सांगते. शेवटी एक ओळ होती: तुमचा खांदा कसा हाय?

मी कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं, दार लोटून घेतलं आणि उजवा हात वर करून पाहिला. कानाच्या थोडा वर गेला. तेवढंच मी त्याला उलट टपालाने कळवलं.